काचेची साक्ष

जुन्या नगरांचे उत्खनन होऊ लागले, की सोन्याची नाणी, संगमरवरी मूर्ती, कोरीव शिलालेख यांच्याकडे लोकांचे लक्ष सर्वांत आधी जाते. या मौल्यवान वस्तूंच्या शेजारीच मातीत मिसळलेले काचेचे तुकडे पडलेले असतात. त्यांतला एखादा तुकडा पेल्याचा काठ असतो, एखादा अत्तराच्या कुपीची मान असतो, तर एखादा खिडकीच्या तावदानाचा कोपरा असतो. एके काळी असे तुकडे निरुपयोगी समजून फेकूनही दिले जात. परंतु याच तुकड्यांनी गेल्या काही दशकांत प्राचीन रोमच्या व्यापाराचा आणि कारागिरीचा एक विसरलेला इतिहास उजेडात आणला आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या सर्व बाजूंनी रोमचे साम्राज्य पसरले होते. त्या साम्राज्यात काच ही केवळ राजवाड्यातील वस्तू राहिली नव्हती. स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवले आहे, की रोममध्ये काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्याला विकत मिळे. तेल, अत्तर आणि औषधे काचेच्या कुप्यांत भरली जात. स्नानगृहांच्या खिडक्यांना काचेची तावदाने बसविली जात. एवढी काच कोठे तयार होत असे, आणि ती कोण तयार करीत असे, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. राजांची चरित्रे लिहिणाऱ्या इतिहासकारांनी भट्टीपुढे घाम गाळणाऱ्यांची नोंद क्वचितच केली. म्हणून उत्तर शोधण्यासाठी विद्वानांना ग्रंथ बाजूला ठेवून प्रत्यक्ष काचेलाच प्रश्न विचारावे लागले.

ते प्रश्न कसे विचारले गेले, हे समजण्यासाठी काच म्हणजे काय हे प्रथम पाहिले पाहिजे. रोमन काचेत मुख्य घटक तीन होते. पहिला घटक वाळू. स्वच्छ वाळूत गारगोटीचे बारीक कण असतात. शास्त्रज्ञ त्या द्रव्याला सिलिका म्हणतात. शुद्ध सिलिका वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. एवढी उष्णता निर्माण करणे त्या काळच्या भट्ट्यांना शक्य नव्हते. वाळूत सोडा मिसळला, म्हणजे ती पुष्कळ कमी उष्णतेवर वितळते. म्हणून सोडा हा दुसरा घटक होय. परंतु केवळ वाळू आणि सोडा यांची काच टिकाऊ होत नाही. पाण्याने ती झिजते व विरघळते. तिला बळकटी देणारा तिसरा घटक म्हणजे चुना. या तिघांचे प्रमाण साधले, तरच पाणी भरता येईल असा पेला तयार होतो.

काचेचा शोध कसा लागला याविषयी प्लिनी या रोमन लेखकाने एक कथा सांगितली आहे. हा प्लिनी इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या स्फोटाच्या वेळी मरण पावला. त्याच्या कथेप्रमाणे नॅट्रन नावाचा खार घेऊन जाणारे एक जहाज फिनिशियाच्या किनाऱ्यावर, बेलस नदीच्या मुखाशी थांबले. नॅट्रन हा पापडखाराच्या जातीचा, निसर्गात खड्यांच्या रूपाने मिळणारा सोडा होय. व्यापाऱ्यांना स्वयंपाक करावयाचा होता. पण भांडी ठेवण्यासाठी किनाऱ्यावर दगड मिळेनात. तेव्हा त्यांनी जहाजातील नॅट्रनचे खडे आणून त्यांची चूल मांडली. विस्तवाने खडे आणि वाळू एकत्र वितळली आणि एका नव्या, पारदर्शक द्रवाचे ओघळ वाहू लागले.

ही कथा मोठी मनोरंजक आहे. पण ती जशीच्या तशी खरी मानता येत नाही. उघड्यावरील चुलीत काच होण्याइतकी उष्णता टिकून राहत नाही. शिवाय इ. स. पू. १५०० च्या सुमारास मेसोपोटेमिया आणि इजिप्त या देशांत काचेची पात्रे घडविली जात होती, हे उत्खननांनी सिद्ध केले आहे. तरीही ही कथा निव्वळ कल्पित नाही. बेलस नदीच्या मुखाजवळची वाळू काचेसाठी खरोखरच उत्तम आहे. तिच्यात गारगोटीच्या कणांबरोबर समुद्रातील शिंपल्यांचा चुराही असतो, आणि शिंपले म्हणजे चुनाच. त्यामुळे त्या वाळूत नॅट्रन मिसळले, की तिन्ही घटक आपोआप एकत्र येतात. कथेतील प्रसंग खरा नसला, तरी कथेतील वाळू आणि खार खरे आहेत.

रोमन काळात काच स्वस्त झाली, याचे कारण एक नवी युक्ती होय. पूर्वी काचेचे भांडे साच्यात घालून किंवा मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच गुंडाळून करीत. त्यास फार वेळ लागे. इ. स. पू. पहिल्या शतकात पूर्व भूमध्य किनाऱ्यावरील कारागिरांना असे आढळले, की नळीच्या टोकाशी मऊ काचेचा गोळा घेऊन फुंकर घातली, तर तो फुग्यासारखा फुगतो. जेरुसलेम येथील उत्खननात त्या शतकाच्या मध्यास टाकून दिलेला काचेचा कचरा सापडला आहे. एक टोक बंद करून फुगविलेल्या काचेच्या नळ्या त्यात आहेत. काच फुंकण्याचे हे सर्वांत जुने ज्ञात पुरावे समजले जातात. पुढे लोखंडाची लांब फुंकणी वापरात आली आणि थोड्या वेळात एक कुपी तयार होऊ लागली.

काच फुंकणाऱ्यांच्या कार्यशाळांचे अवशेष साम्राज्यात ठिकठिकाणी मिळाले. त्यावरून अनेक अभ्यासकांना असे वाटे, की प्रत्येक कार्यशाळा आपली काच आपणच, जवळच्या वाळूपासून तयार करीत असावी. हे अनुमान खरे की खोटे, हे भांड्याच्या आकारावरून ठरविता येत नव्हते. गूळ गुऱ्हाळात तयार होतो आणि त्याचे लाडू घरोघरी वळले जातात. लाडवाच्या आकारावरून तो कोणी वळला हे कदाचित सांगता येईल. पण ऊस कोणत्या शेतातला होता, हे सांगता येणार नाही. काचेचेही तसेच आहे. आकार कारागिराची ओळख देतो. काचेच्या जन्मस्थानाची ओळख तिच्या घटकांतच शोधावी लागते.

हे शोधकार्य तसे जुने आहे. मार्टिन क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काप्री बेटावरील सम्राट टायबेरियस याच्या वाड्यातील रंगीत काचतुकड्यांचे पृथक्करण केले. त्याचे निष्कर्ष १७९८ साली प्रसिद्ध झाले. परंतु त्या काळी पृथक्करणासाठी तुकडा कुटून विरघळवावा लागे. म्हणजे साक्ष मिळे, पण साक्षीदार नाहीसा होई. विसाव्या शतकात नवी साधने हाती आली. आता क्ष-किरणांचा झोत टाकून काचेतील मूलद्रव्ये ओळखता येतात. लेझर किरणाने काचेला एक छिद्र पाडतात; ते मिलिमीटरच्या दशांशापेक्षाही लहान असते. त्यातून निघालेल्या सूक्ष्म कणांची तपासणी केली, की दहा लाखांत एखादा भाग असलेले द्रव्यही ओळखू येते. पाहणाऱ्याला ते छिद्र डोळ्यांनी दिसतही नाही.

अशा तपासणीत सावधगिरी फार लागते. मातीत शतकानुशतके पडून राहिलेल्या काचेचा पृष्ठभाग ओलाव्याने झिजतो. त्यातील सोडा निघून जातो आणि पातळ पापुद्रे तयार होतात. त्यांवर प्रकाश पडला, की इंद्रधनुष्यासारखे रंग चमकतात. ते रंग सुंदर दिसले, तरी मूळचे नव्हेत. ती काचेच्या झिजेची खूण आहे. केवळ वरचा थर तपासला, तर उत्तर चुकते. या पापुद्र्यांची संख्या मोजून काचेचे वय काढता येईल, अशी कल्पना १९६१ साली मांडली गेली. परंतु दर वर्षी एकच थर तयार होतो असा नियम सर्वत्र आढळला नाही. म्हणून त्या पद्धतीवर विसंबणे शक्य झाले नाही.

त्याच १९६१ साली एडवर्ड सेअर आणि रे विनफिल्ड स्मिथ या दोघा अमेरिकन संशोधकांनी प्राचीन काचेची रासायनिक वर्गवारी प्रसिद्ध केली. रोमन काचेत मॅग्नेशियम आणि पोटॅशियम ही दोन द्रव्ये फार थोडी असतात, असे तीत स्पष्ट दिसले. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण तिच्यातच मोठा सुगावा होता. सोडा दोन प्रकारे मिळविता येतो. खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख हा एक प्रकार. त्या राखेत मॅग्नेशियम आणि पोटॅशियम भरपूर असतात. दुसरा प्रकार नॅट्रनचा. त्यात ती दोन्ही अत्यल्प असतात. अर्थात रोमन काच राखेपासून नव्हे, तर नॅट्रनपासून झाली होती. हा खार मुख्यतः इजिप्तमधील वादी नत्रून या खोऱ्यातील सरोवरांतून मिळे.

पुढे हजारो तुकडे तपासले गेले. साम्राज्याच्या दूरदूरच्या टोकांना सापडलेली काच घटकांच्या दृष्टीने परस्परांशी विलक्षण जुळते, असे आढळले. प्रत्येक गावाने आपापली वाळू वापरली असती, तर इतके साम्य आले नसते. यावरून बहुसंख्य संशोधकांनी असा निष्कर्ष काढला, की कच्ची काच प्रामुख्याने इजिप्त आणि पूर्व भूमध्य किनारा येथील थोड्या ठिकाणी मोठ्या प्रमाणावर तयार होई. तिचे ठोकळे फोडून ते जहाजांनी दूरवर पाठविले जात, आणि गावोगावचे कारागीर ते पुन्हा वितळवून भांडी घडवीत. या निष्कर्षाला जमिनीनेही दुजोरा दिला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, एम्बिएझ बेटाशी बुडालेल्या एका रोमन जहाजात कित्येक टन कच्ची काच मिळाली. वादी नत्रून येथे रोमन काळच्या काचभट्ट्यांचे अवशेष सापडले. इस्रायलमध्ये कार्मेल पर्वताच्या पायथ्याशी लोहमार्गाच्या कामाआधी झालेल्या उत्खननात सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या भट्ट्या मिळाल्याचे २०१६ साली जाहीर झाले.

वाळूचा शोध आणखी पुढे गेला. नाईल नदी समुद्रात आणून टाकते ती वाळू सागरी प्रवाहांबरोबर किनाऱ्याने पूर्वेकडे सरकत जाते. या प्रवासात जड खनिजांचे कण मागे राहत जातात. त्यामुळे इजिप्तच्या काचेत टिटॅनियमसारखी द्रव्ये अधिक, तर पूर्व किनाऱ्यावरच्या काचेत कमी आढळतात. या फरकामुळे एक जुने कोडे उलगडण्यास साहाय्य झाले. इ. स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियन याने वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले. त्या आज्ञेत अलेक्झांड्रियाच्या काचेचा भाव पौंडाला २४ दिनार, तर यहूदिया प्रांतातील हिरवट काचेचा भाव १३ दिनार दिला आहे. अलेक्झांड्रियाची म्हणून विकली जाणारी ती महाग काच खरोखर इजिप्तची होती काय? वाळूतील लोहामुळे काचेला हिरवट छटा येते. अँटिमनी घातले, की ती जाऊन काच स्फटिकासारखी निर्मळ होते. जॉर्डनमधील जेराश या प्राचीन नगरात मिळालेल्या अशा निर्मळ काचेतील हाफ्नियम या मूलद्रव्याची तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली. ती काच इजिप्तच्या वाळूचीच असल्याचे तीवरून ठरले. सतरा शतकांपूर्वीच्या भावपत्रकातील नाव खरे होते!

शास्त्रीय तपासणी नेहमीच जुन्या समजुतीला पाठिंबा देते असे नाही. इस्रायलमधील बेट शेआरिम येथे १९५६ साली एक गुहा साफ करताना एक प्रचंड लादी आढळली. ती ३ मीटरांहून अधिक लांब, जवळजवळ २ मीटर रुंद आणि सुमारे ९ टन वजनाची होती. ती हलविणे यंत्रालाही साधले नाही. हा दगड नसून काच आहे, हे १९६३ साली लक्षात आले. ती काच बिघडलेली, अपारदर्शक होती, कारण तिच्यात चुना फार झाला होता. प्रारंभी ती रोमन काळाच्या अखेरीची असावी असे मानले गेले. परंतु पुढे इयन फ्रीस्टोन आणि याएल गोरिन-रोझेन यांनी तिच्या घटकांचा पुन्हा विचार करून १९९९ साली वेगळे मत मांडले. तिच्यातील सोडा नॅट्रनचा नसून राखेचा होता. म्हणून ती रोमन काळानंतर कित्येक शतकांनी, नवव्या शतकाच्या आरंभी केली असावी. त्या सुमारास नॅट्रन मिळेनासे झाले होते. कारागिरांनी शिंपल्यांची तीच जुनी वाळू घेतली आणि नॅट्रनऐवजी राख घातली. पण राखेतही चुना असतो. त्यामुळे चुना दुप्पट झाला आणि सर्व श्रम वाया गेले. त्या फसलेल्या लादीत एका बदलत्या काळाची अडचण जशीच्या तशी गोठून राहिली आहे.

फुटलेल्या काचेचे पुढे काय होई, तेही आता कळते. मार्शल या रोमन कवीने गंधक देऊन त्याच्या बदल्यात फुटकी काच घेणाऱ्या फेरीवाल्याचा उल्लेख केला आहे. इटलीतील ग्राडो गावाजवळच्या समुद्रात बुडालेल्या ‘युलिया फेलिक्स’ या जहाजात एक पिंप सापडले. त्यात सुमारे १४० किलोग्रॅम फुटकी काच पुन्हा वितळविण्यासाठी भरून ठेवलेली होती. काच निर्मळ करण्यासाठी काही ठिकाणी अँटिमनी, तर काही ठिकाणी मँगॅनीज वापरीत. एकाच तुकड्यात ही दोन्ही आढळली, तर वेगवेगळ्या जुन्या काचा एकत्र वितळविल्या गेल्या असाव्यात, असे ओळखता येते. रोमन लोकांचे मोडीचे हिशेबही काचेने असे जपून ठेवले आहेत.

या व्यापाराचा एक धागा भारतापर्यंत येऊन पोहोचला होता. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्च्या काचेचे नाव आहे. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून याच भडोचला जाई, असेही त्यात लिहिले आहे. पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथे १९४५ साली झालेल्या उत्खननात रोमन काचपात्रांचे तुकडे मिळाले. भारतातही काच तयार होत होती. पण येथील पुष्कळ काचेत ॲल्युमिनाचे प्रमाण रोमन काचेपेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे एखादा मणी परदेशी काचेचा की येथल्याच मातीचा, याचा निर्णय करण्यासही रसायनशास्त्राची मदत होते.

तथापि काच सर्वच सांगते असे नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ‘लायकर्गस चषक’ नावाचे चौथ्या शतकातील एक रोमन पात्र आहे. संग्रहालयाने ते १९५८ साली विकत घेतले. बाहेरून प्रकाश पडला, तर ते हिरवे दिसते. आतून प्रकाश आला, तर माणकासारखे लाल होते. त्या काचेत सोन्याचे व चांदीचे अत्यंत सूक्ष्म कण आहेत, हे तपासणीत दिसले. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यांतील एका भागापेक्षाही ते लहान आहेत. रंगबदलाचे कारण ते कण होत. परंतु असे पात्र घडविणाऱ्या कारागिराला ही किमया मनाप्रमाणे साधता येत होती काय, हे कण सांगत नाहीत. अशा काचेचे नमुने फार थोडे उरले आहेत. त्यावरून ते काम सोपे नसावे एवढेच म्हणता येते.

पहिल्या शतकात एन्नियन नावाच्या कारागिराने आपल्या साच्यातील पात्रांवर ‘एन्नियनने केले’ अशी ग्रीक अक्षरे उमटविली. म्हणून त्याचे नाव आजवर टिकले. इतर असंख्य कारागिरांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत. त्यांनी कोणती वाळू निवडली, कोणता खार घातला, काय साधले आणि काय बिघडले, हे मात्र त्यांच्या काचेने जतन केले आहे. ही साक्ष पूर्ण व्हावयाची, तर तुकडा कोणत्या थरात, कोणत्या वस्तूंच्या सोबतीला सापडला याची नोंद व्हावी लागते. लोभाने किंवा निष्काळजीपणाने खणून काढलेला आणि नोंदीवाचून विकलेला तुकडा प्रयोगशाळेत गेला, तरी अर्धीच गोष्ट सांगतो. म्हणूनच चांगला उत्खनक मातीतील हिरवट कपची उचलण्यापूर्वी क्षणभर थांबतो, तिची जागा टिपून घेतो, आणि मगच तिला हात लावतो.